परसातलं कोंबडीपालन: पिल्लं येण्याआधीचा महिना आणि आल्यानंतरचा महिना

बचत गटातून नाहीतर एखाद्या योजनेतून एक दिवसाची पिल्लं घरात येतात. आठ-दहा दिवस चिवचिवाट असतो. महिना उलटेपर्यंत निम्मी मेलेली असतात, उरलेली मुंगसाच्या नाहीतर मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) तडाख्यात जातात आणि "आमच्याकडे कोंबडी टिकत नाही" असं घरात कायमचं ठरून जातं. जव्हार-मोखाड्यापासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत आणि तिकडे मेळघाटातही हे गाऱ्हाणं ऐकू येतं. कारणही बहुतेक ठिकाणी एकच असतं: पिल्लं आधी आली आणि तयारी नंतर सुरू झाली.

परसात १५ ते ५० कोंबड्या पाळू पाहणाऱ्या घरांसाठी, गटाच्या ताईंसाठी आणि पशुसखींसाठी हे लिहिलं आहे. खाली सगळा हिशेब २५ पिल्लांचा धरला आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळला तर पुढच्याचा उपयोग होत नाही.

टप्पा १: किती, कोणती आणि किती वयाची

पहिल्यांदाच करणाऱ्या घराने २५ च्या वर जाऊ नये. योजनेत १०० मिळत असली तरी चार घरांत वाटून घ्यावीत. एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी साधारण निम्मे-निम्मे असतात. म्हणजे २५ पिल्लांतून मरतूक वजा जाता १० तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) हाती लागल्या, तर काम चांगलं झालं असं समजा. कोंबडे चार-पाच महिन्यांचे झाले की विकायचे. खाद्याचा बराचसा खर्च त्यांतूनच सुटतो.

जात निवडताना आधी घराची गरज बघा. माणशी वर्षाला १८० अंडी, म्हणजे दिवसाला अर्धं अंडं, खायला मिळावं अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला ९०० अंडी झाली. गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ८० अंडी देते, म्हणजे अशा दहा कोंबड्यांत घरचंही भागत नाही. ग्रामप्रिया ही सुधारित जात परसात १६० ते १८० देते. दहा कोंबड्यांत घरचं भागून विकायलाही उरतात. वनराज अंड्यांना तिच्यापेक्षा कमी, पण अंगाने भारी, म्हणून कोंबडे विकून पैसा करायचा असेल तर ती घ्यावी. गिरिराजही मांस आणि अंडी दोन्हींसाठी आहे. या सुधारित जाती दोन बाबतींत गावठीपेक्षा उण्या आहेत. त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, म्हणून पिल्लं उबवायला दोन-तीन गावठी कोंबड्या घरात हव्यातच. शिवाय भारी अंगाची कोंबडी घार किंवा कुत्र्यापुढे चपळाईने पळत नाही. रानालगत एकटं घर असेल तर मी गावठीच पाळायला सांगेन.

आता वय. घरात रात्रभर वीज राहत नसेल आणि रात्री दोनदा उठून बघणारं माणूस नसेल, तर एक दिवसाचं पिल्लू घेऊच नका. महिनाभर वाढवलेलं, लसी झालेलं पिल्लू महाग पडतं, पण जगतं. सगळ्यात चांगलं म्हणजे गावात एका घराने महिनाभर सगळ्यांची पिल्लं सांभाळावीत आणि मग वाटावीत. यालाच मदर युनिट म्हणतात. त्या घराला दर पिल्लामागे मोबदला आधीच ठरवून द्या.

> थांबा, तपासा: पिल्लं शासकीय अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या हॅचरीतून घ्या आणि मरेक्स या आजाराची लस पहिल्याच दिवशी तिथे दिली का, हे विचारून घ्या. ती लस नंतर घरी देऊन उपयोग नाही. मोटरसायकलवरून रंगवलेली पिल्लं विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

टप्पा २: पिल्लं येण्याआधीचे चार आठवडे

हा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि सगळ्यात जास्त पिल्लं त्यामुळेच मरतात.

*आधी जुन्या कोंबड्यांना लस.* तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या परसात फिरणाऱ्या कोंबड्यांत मानमोडी असेल तर नवी पिल्लं कितीही जपली तरी जातात. म्हणून पिल्लं येण्याच्या किमान तीन आठवडे आधी वाडीतल्या सगळ्या मोठ्या पक्ष्यांना मानमोडीची लस द्या. ही लस १००-१०० मात्रांच्या कुपीत येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. एकट्या घरासाठी कुपी फोडणं परवडत नाही, म्हणून लोक लसच टाळतात. दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवडाभर आधी सांगून ठेवा. लस पहाटे द्या, कोंबड्या खुराड्यातून सुटण्याआधी. एकदा सुटल्या की निम्म्या सापडत नाहीत.

*खुराडं.* मोठ्या २० पक्ष्यांना ५ बाय ५ फुटांची जागा पुरते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या किंवा जोतं पक्कं करा, कारण घूस खालून पोखरून येते. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. सहा कोनी कोंबडी-जाळी कुत्र्याला अडवते, पण सापाला नाही, आणि मुंगूस तिच्यातून तोंड घालून पिल्लू ओढतं. वरची निम्मी बाजू हवेशीर ठेवा. हिवाळ्यात सगळं बंद केलेल्या खुराड्यात शेणाचा उग्र वास साचतो आणि पक्ष्यांना सर्दी-खोकला होतो. आत आडव्या बांबूच्या दांड्या लावा. दार तुमच्या झोपायच्या खोलीच्या बाजूला ठेवा, म्हणजे रात्री गडबड झाली तर कानावर येईल.

*खाद्य.* २५ पिल्लांना पहिल्या सहा आठवड्यांत ३० ते ३५ किलो चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) लागतं. ते पिल्लांच्या आधी घरात यायला हवं. "तोवर कणी घालू" असं म्हणणाऱ्या घरात पिल्लं वाढत नाहीत, पंख झडतात आणि लसही नीट लागत नाही. कणीत पोट भरण्यापुरतं असतं. पिल्लाला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात.

*हंगाम.* पहिली तुकडी दसरा-दिवाळीच्या सुमाराला आणा. पावसाळ्यात तूस वाळत नाही आणि रक्ती हगवण लागते. चैत्र-वैशाखात उष्णता आणि मानमोडी दोन्हींचा जोर असतो. तोवर ही पिल्लं सगळ्या लसी घेऊन मोठी झालेली असतात.

टप्पा ३: पिल्लं येण्याचा दिवस

रिंगण आदल्या दिवशीच तयार पाहिजे. पुठ्ठा किंवा पत्रा वाकवून दीड फूट उंच, चार फूट रुंद गोल करा. गोलच हवं, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस आणि त्यावर वर्तमानपत्र अंथरा. सुतारकामाचा बारीक भुसा नको. पिल्लं तो दाणा समजून खातात.

वर दीड फुटावर ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब टांगा. पिल्लं ५० असतील तर १०० वॉट. एलईडी बल्ब चालत नाही. तो उजेड देतो, ऊब देत नाही. हल्ली घरोघरी एलईडीच असतो आणि "बल्ब तर लावला होता" म्हणणाऱ्या घरात पिल्लं थंडीने मेलेली असतात. तारेचा बल्ब तालुक्याच्या दुकानात सांगून ठेवावा लागतो, म्हणून हेही आधीच्या चार आठवड्यांतलंच काम समजा. दिवा पिल्लं येण्याच्या तीन-चार तास आधी लावा, म्हणजे तूस तापलेलं असेल.

पिल्लं पोहोचली की क्रम असा:

१. आधी पाणी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ विरघळवा. दोन-तीन पिल्लांची चोच हळूच पाण्याला लावा. बाकीची बघून पितात.
२. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा वर्तमानपत्रावर विखरून टाका.
३. संध्याकाळपासून चिक स्टार्टर सुरू करा.

पाण्याचं भांडं उथळ हवं, आणि ताटली वापरणार असाल तर तिच्यात खडे टाका. नाहीतर पिल्लू भिजतं, आणि भिजलेलं पिल्लू रात्र काढत नाही.

> थांबा, तपासा: रात्री झोपण्याआधी आठ-दहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चिमटीत चाचपा. ती मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर पिल्लाला खाणं सापडलेलं नाही. कडक लागली तर त्याने दाणा खाल्ला पण पाणी प्यायलं नाही. अशी पिल्लं त्याच रात्री वेगळी काढून चोचीने पाजा.

टप्पा ४: पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान हवं आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत न्यायचं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली गर्दी करून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसरीकडून वारा लागतो आहे. तिथे गोणपाट लावा. रिंगणभर पसरून काही खात, काही झोपलेली दिसली म्हणजे ऊब बरोबर आहे. हे दुपारी बघून उपयोग नाही. रात्री अकराला आणि पहाटे चारला उठून बघा, कारण थंडीने पिल्लं मरतात ती पहाटेच.

वीज गेली तर? घमेल्यात पूर्ण फुललेला कोळसा घ्या, धूर संपेपर्यंत बाहेर ठेवा आणि मगच आत आणा. त्यावर भोकं पाडलेलं मातीचं मडकं उपडं ठेवा, म्हणजे पिल्लू निखाऱ्यावर पडणार नाही.

> सावधान: कोळसा पेटता असेपर्यंत खोलीची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवंच. बंद खोलीत कोळशाचा वायू साचतो. त्याला वास नसतो आणि त्याने पिल्लांसोबत माणसंही दगावतात. पिल्लं असलेल्या खोलीत कोळसा ठेवून मुलांना झोपवू नका.

वर्तमानपत्र तीन-चार दिवसांनी काढा. रिंगण दर दोन दिवसांनी थोडं मोठं करा आणि दहाव्या दिवसाच्या आसपास काढून टाका. महिनाभर दर पिल्लाला किमान अर्धा चौरस फूट जागा हवी, त्यानंतर एक चौरस फूट.

तूस रोज सकाळी हलवा. मूठभर उचलून दाबा आणि सोडा. मोकळं होऊन सांडलं तर ठीक. लाडू वळला तर ओल जास्त आहे. तेवढं काढून कोरडं तूस टाका. ओल्या तुसात तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण लागते. पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून उभी राहतात आणि विष्ठेत रक्त दिसतं. त्याच दिवशी दवाखान्यातून औषध आणा आणि तूस बदला. तूस ओलंच ठेवून नुसतं औषध दिलं तर चार दिवसांत आजार परततो.

टप्पा ५: लसी

वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवा:

- ५ ते ७ वा दिवस: लासोटा (मानमोडी), डोळ्यात एक थेंब
- १४ वा दिवस: गंबोरो (पिल्लांच्या याच नावाच्या आजाराची लस), डोळ्यात किंवा पाण्यातून
- २१ ते २८ वा दिवस: गंबोरो आणि लासोटाचे दुसरे डोस, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवून
- ६ वा आठवडा: देवी
- ८ ते १० वा आठवडा: आर-टू-बी (मानमोडी), पंखाखाली कातडीत अर्धा मिली
- पुढे दर सहा महिन्यांनी मानमोडीची लस, त्यातली एक उन्हाळ्याच्या तोंडावर

तुमच्या भागातल्या आजारांप्रमाणे पशुवैद्यक यात फरक करतील, त्यांचं ऐका. आर-टू-बी सहा आठवड्यांखालच्या पिल्लाला देऊ नका. ती लस जोरकस असते, लहान पिल्लू तिनेच आजारी पडतं.

लस दिली आणि तरी पक्षी मेले, असं झालं की लशीला बोल लावला जातो. बहुतेक वेळा चूक यांपैकी एक असते. कुपी दवाखान्यापासून गावापर्यंत पिशवीत आली. ती थर्मासमध्ये बर्फावरच यायला हवी. कालवायला नळाचं औषध टाकलेलं पाणी घेतलं, त्याने लस मरते. पाण्यातून लस देण्याच्या दिवशी त्याच पाण्यात लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) किंवा प्रतिजैविक घातलं गेलं. डोळ्यातली लस देणाऱ्याने थेंब टाकला आणि पिल्लू लगेच सोडलं. पिल्लाने डोकं झटकलं आणि थेंब बाहेर गेला. थेंब टाकल्यावर पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत हातातच धरा. पाण्यातून द्यायची असेल तर आधी दोन तास पाणी बंद ठेवा, म्हणजे सगळी पिल्लं तहानेने येऊन पितील.

आजारी पिल्लाला लस देऊ नका. आधी बरं होऊ द्या.

टप्पा ६: परसात सोडणं

पाच-सहा आठवड्यांची झाली, अंगावर पिसं भरली, की पिल्लं आठवडाभर मोठ्या खुराड्यातच ठेवा. हे घर आपलं, हे त्यांना कळायला हवं. मग पहिल्यांदा सोडायचं ते सकाळी नाही, दिवस मावळायच्या तासभर आधी आणि उपाशी. डबा वाजवून दाणा खुराड्यात टाकला की पोटाच्या ओढीने आत येतात. चार दिवसांत डब्याचा आवाज पक्का होतो. नंतर रोज तासाने वेळ वाढवत दिवसभर सोडा. पहिल्याच दिवशी सकाळी सोडलेली पिल्लं संध्याकाळी झाडावर नाहीतर शेजाऱ्याच्या गोठ्यात सापडतात.

पेरणीच्या दिवसांत दोन आठवडे कोंबड्या कोंडा किंवा जाळीने अडवा. औषध चोळलेलं बियाणं उकरून खाल्लं की कोंबडी मरते, आणि शेजाऱ्याची पेरणी उकरली की भांडण होतं. गावात कोंबडीपालन बंद पडायला हे दुसरं कारण आजाराइतकंच पुरतं, म्हणून पेरणीआधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

टप्पा ७: रोजचं खाणं

दिवसभर चरून आलेल्या मोठ्या कोंबडीला संध्याकाळी ३० ते ५० ग्रॅम दाणा द्या: मका, ज्वारी, बाजरी किंवा कणी, आणि त्यात चौथा हिस्सा शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड. उन्हाळ्यात परस उजाड होतं, किडे-गवत मिळत नाही, तेव्हा हे प्रमाण वाढवा. प्रथिनांचा फुकटचा मार्ग म्हणजे वाळवी. मडक्यात ओलं शेण आणि काडीकचरा भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ उपडं ठेवा. सकाळी वाळवी भरलेली असते. ती पिल्लांपुढे झटका. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. तो मिळाला नाही की अंडं पातळ कवचाचं होतं, फुटतं, आणि फुटलेलं अंडं चाखलेली कोंबडी पुढे स्वतःचीच अंडी फोडू लागते.

> सावधान: बुरशी लागलेला, काळा पडलेला मका किंवा वास येणारी पेंड "कोंबड्यांना चालते" म्हणून घालू नका. त्या बुरशीच्या विषाने पक्षी हळूहळू खंगतात, अंडी थांबतात, आणि आजार काय ते कळतही नाही.

खुराड्याजवळ एका खड्ड्यात चुलीची राख आणि वाळू ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि पिसवा-उवा कमी होतात. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी.

टप्पा ८: अंडी, विक्री आणि पुढची पिढी

साडेपाच-सहा महिन्यांत अंडी सुरू होतात. त्याआधी पंधरा दिवस, पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे, अंधाऱ्या कोपऱ्यात तूस घातलेल्या टोपल्या ठेवा. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा.

वाटणी पहिल्या अंड्याच्या आधीच ठरली पाहिजे. अंडी सुरू झाली की सगळी बाजारात जातात आणि घरातली मुलं डाळीच्या पाण्यावरच राहतात, हे फार घरांत होतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की रोजच्या अंड्यांतून आधी लहान मुलं आणि गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांचं काढा. उरतील ती विका. त्या विक्रीचा पैसा कोंबड्या सांभाळणाऱ्या बाईच्या हातात राहू द्या. दाणा संपला, लस आली, की तिला कुणाकडे हात पसरावा लागू नये. गिऱ्हाईक गावातच शोधा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीला अंडी लागतात; तिथे गटाने मिळून पुरवठा करता येईल का, ते विचारा.

पिल्लं उबवायला खुडूक झालेली गावठी कोंबडी घ्या. तिच्याखाली दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आतली. सुधारित कोंबडीची अंडीही तिच्याखाली चालतात, पण त्यातून निघालेल्या पिल्लांकडून आईइतक्या अंड्यांची अपेक्षा ठेवू नका. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे. नितळ दिसलं तर ते काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. पहिले काही दिवस आई आणि पिल्लं डालग्याखाली ठेवा आणि पाचव्या दिवसापासून लसींचं वेळापत्रक यांनाही लावा. आई असली की ऊब मिळते, लस मिळत नाही.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. तो दरवर्षी दुसऱ्या गावातल्या घराशी बदला, नाहीतर तीन-चार पिढ्यांत पिल्लं कमजोर होत जातात. बदलून आणलेला कोंबडा, किंवा आठवडे बाजारातून आणलेला कोणताही पक्षी, पंधरा दिवस घराच्या दुसऱ्या टोकाला वेगळा ठेवा आणि त्याला दाणा-पाणी सगळ्यात शेवटी घाला.

एकदम पक्षी मरू लागले तर

मान वाकडी होणं, हिरवी-पांढरी हगवण, धाप लागणं ही मानमोडीची लक्षणं आहेत. तिच्यावर औषध नाही, लस हाच उपाय. दोन दिवसांत तीन-चार पक्षी मेले की कारण शोधत बसू नका, दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लूची लक्षणंही पहिल्या दिवशी अशीच दिसतात. २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात झाला होता. मेलेला पक्षी उघड्या हाताने सोलू नका, खाऊ नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेऊन विकू नका. अशाच विक्रीतून आजार एका आठवडे बाजारात पाच गावांना पोहोचतो. खुराडं रिकामं झालं तर शेण खरवडून काढा, भिंतींना आणि जमिनीला चुना मारा आणि महिनाभर नवा पक्षी आत घेऊ नका.